शेवटापासून आरंभ : शहापूर-मुरबाडच्या दवाखान्यांतून दिसणारा पदवी अभ्यासक्रम

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमाविषयीची चर्चा आपल्या व्यवसायास नवी नाही. १९४८ ची चोप्रा समिती, १९५८-५९ ची उडुपा समिती, १९६३ ची व्यास समिती आणि पुढे १९७० च्या कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद, या प्रत्येक टप्प्यावर शुद्ध की मिश्र हा वाद हिरिरीने झाला. आधुनिक शारीर किती शिकवावे, संहिता किती, मूळ संस्कृत किती, यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. त्या वादांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या सर्वांत एक प्रश्न क्वचितच विचारला गेला. साडेपाच वर्षांनंतर महाविद्यालयाबाहेर पडणारा वैद्य, जेथे दुसरा कोणी विचारावयास नाही अशा ठिकाणी एकटा बसला असता, नेमके काय करू शकला पाहिजे? विषय कोणते आणि तास किती, हे त्या उत्तरावरून ठरावे की तास आधी ठरवून उत्तर नशिबावर सोडावे?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथालयात सुचला नाही. तो आमच्याच दवाखान्यातील एका सकाळी समोर येऊन उभा राहिला. म्हणून प्रथम ती हकिगत सांगणे आवश्यक आहे.

जुलै २०२३. शहापूर तालुक्यात डोळखांबकडील पट्ट्यात आवणीची घाई सुरू होती. आमच्याकडे नुकताच आंतरवासिता पूर्ण केलेला एक तरुण वैद्य सहायक म्हणून बसू लागला होता. मुलगा हुशार, नम्र, वाचनाची आवड असलेला. त्या दिवशी पहाटे एका पाड्यावरून ठाकूर समाजातील पस्तिशीच्या एका बाईंना त्यांच्या मुलाने मोटरसायकलवरून आणले. पोटात कळा येत होत्या आणि डोळे जड झाले होते. "रात्री काही चावलं का?" असे त्याने विचारले होते, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. "नाय डाक्टर, काय नाय. पोटच दुखतंय," असे मुलाने सांगितले. अंगावर दंशाची खूण दिसली नाही. आदल्या रात्रीच्या जेवणाची चौकशी झाली, जिभेवर साम लक्षणे दिसली, अजीर्णाचे निदान झाले. शंखवटी आणि कोमट पाणी देऊन बाईंना बाकावर पडून राहण्यास सांगण्यात आले.

आम्ही चाळीस मिनिटांनी पोहोचलो. बाईंचे बोलणे गेंगाणे झाले होते आणि पाण्याचा घोट घशाखाली उतरत नव्हता. पापण्या जड नव्हत्या, त्या उचलताच येत नव्हत्या. जमिनीवर निजलेल्या माणसास पावसाळ्याच्या रात्री मण्यार चावते, दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूण पुष्कळदा सापडत नाही आणि पहाटे पोटदुखीने माणूस जागा होतो, हे या भागात तीस वर्षे बसलेल्या कोणाही वैद्यास ठाऊक आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, बाई रुग्णालयात पोहोचल्या, चार दिवस कृत्रिम श्वासयंत्रावर राहिल्या आणि घरी परतल्या. त्या चाळीस मिनिटांचा हिशेब मात्र आमच्या खात्यावर राहिला, कारण दवाखाना आमचा होता आणि त्या मुलास एकट्यास बसविणारेही आम्हीच होतो.

सायंकाळी तो म्हणाला, "सर, विषचिकित्सेचे चोवीस उपक्रम मला आजही पाठ आहेत." त्याने ते म्हणूनही दाखविले. चरकाच्या चिकित्सास्थानातील तेविसाव्या अध्यायाचा क्रम त्याने एकदाही चुकविला नाही. अगदतंत्रात त्यास उत्तम गुण होते. त्याने जे शिकावे असे परीक्षेस वाटत होते, ते तो शिकला होता.

प्रश्न उलट बाजूने विचारणे

या घटनेनंतर शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील आम्ही सात-आठ वैद्य मंडळींनी एक छोटासा उपक्रम केला. किन्हवली, खर्डी, सरळगाव, टोकावडे, धसई अशा ठिकाणी बसणाऱ्या प्रत्येकाने तीन महिने एक साधी वही ठेवावयाची. रुग्णांची यादी त्यात नको. 'येथे नवा पदवीधर अडखळला असता' असे ज्या प्रसंगी वाटेल, तेवढाच प्रसंग दोन ओळींत टिपावयाचा. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आम्ही त्या वहीच्या शेवटच्या पानापासून वाचावयाचे ठरविले.

शिक्षणशास्त्रात या उलट्या वाटेस आता बराच मोठा इतिहास आहे. शिकागो विद्यापीठाचे राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाच्या मुळाशी चार प्रश्न ठेवले. कोणता हेतू साधावयाचा, त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे, ते कसे रचावयाचे आणि हेतू साधला की नाही हे कसे ओळखावयाचे. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक उद्दिष्टांची पायरीवार मांडणी केली. १९९८ मध्ये ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांनी शिक्षकांसाठी व्यवहार्य रीत सांगितली, ती अशी : आधी निष्पत्ती ठरवा, मग ती साधल्याचा पुरावा काय मानावयाचा ते ठरवा, आणि अध्यापनाचा विचार सर्वांत शेवटी करा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. आधी प्रकरणे, मग तास, मग प्रश्नपत्रिका, आणि विद्यार्थ्यास काय करता येते याचा शोध त्याच्या पहिल्या रुग्णास लागतो.

'अध्ययन-निष्पत्ती' हा शब्द आपल्या वैद्यांना अपरिचित वाटेल, परंतु गावातील जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना विचारून पाहावे. २०१७ पासून प्राथमिक शाळांत इयत्तावार अध्ययन-निष्पत्ती लागू झाल्या आहेत. तिसरीच्या मुलाने काय करून दाखवावे हे शासनाने वैद्याच्या आधी ठरविले, ही गोष्ट थोडी गमतीची असली तरी खरी आहे. आधुनिक वैद्यकाच्या पदवीसाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून सुरू झाला. आपल्याकडे २०२० च्या कायद्याने भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला आणि २०२२ च्या विनियमांनी पदवीची चौकट बदलली. दीड-दीड वर्षाची तीन व्यावसायिक सत्रे, नंतर एक वर्ष आंतरवासिता, आरंभी संक्रमण अभ्यासक्रम, तिन्ही सत्रांत संहिता अध्ययन आणि अंतिम सत्रात आत्ययिक चिकित्सा हा स्वतंत्र विषय.

या नव्या अभ्यासक्रमाचे तक्ते ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी एकदा अवश्य पाहावेत. प्रत्येक विषयघटकापुढे विद्यार्थ्याने काय साधावयाचे, ते बौद्धिक आहे, हाताचे आहे की वृत्तीचे आहे, ते अवश्य जाणावयाचे आहे की जाणल्यास बरे आहे, कोणत्या रीतीने शिकवावयाचे आणि कशाने तपासावयाचे, असे रकाने आहेत. आणखी एका रकान्यात जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्या येतात. विद्यार्थी जाणतो, कसे करावयाचे ते जाणतो, करून दाखवितो, आणि प्रत्यक्ष करतो. आमचा तरुण सहकारी पहिल्या पायरीवर अव्वल होता. तिसऱ्या पायरीवर त्यास कोणी कधी उभेच केले नव्हते. तो जुन्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

क्रियापद बदलले म्हणजे निष्पत्ती झाली काय?

येथे आम्ही स्वतः कसे फसलो ते सांगतो. पहिल्या बैठकीत अगदतंत्रासाठी निष्पत्ती लिहावयास बसलो तेव्हा आमच्या कागदावर पहिले वाक्य उतरले ते असे : 'विद्यार्थी चोवीस उपक्रमांचे वर्णन करू शकेल.' दुसरे : 'विद्यार्थी सर्पांचे भेद सांगू शकेल.' अर्धा तास गेल्यावर लक्षात आले की जुन्याच प्रश्नपत्रिकेतील 'वर्णन करा' याचे आम्ही 'वर्णन करू शकेल' एवढेच केले होते. तक्ता देखणा झाला होता आणि डोळखांबच्या बाकावरील बाईंना त्याचा काहीही उपयोग नव्हता.

तेव्हा आम्ही वह्या उघडल्या. किन्हवलीच्या वहीत लिहिले होते, 'पहाटे पोटदुखी, पापण्या जड, खूण नाही.' टोकावड्याच्या वहीत, 'शेतात पायाला घोणस, सूज, हिरडीतून रक्त, घरच्यांनी दोरी आवळून आणले.' तिसऱ्या एका वहीत, 'आधी भगताकडे नेले, दोन तास गेले.' या तीन नोंदींवरून जी निष्पत्ती तयार झाली ती अशी :

'पावसाळ्यात पहाटे पोटदुखी, घसादुखी, जड पापण्या वा अस्पष्ट बोलणे घेऊन आलेल्या रुग्णास, दंशाची खूण नसतानाही, सर्पदंशाचा संशय घेऊन विद्यार्थी पाच मिनिटांत तपासेल, श्वास सांभाळेल, दंशाचा अवयव स्थिर ठेवील, काहीही आवळणार वा कापणार नाही, आणि वेळेच्या नोंदीसह रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी पाठवील.'

वाक्य लांब झाले, परंतु यातील प्रत्येक शब्दास एखादा रुग्ण जामीन आहे.

आता दुसरी पायरी, पुराव्याची. यासाठी दीर्घोत्तरी प्रश्न निरुपयोगी ठरतो. आम्ही अशी कल्पना केली की वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीने रुग्णाची भूमिका करावी आणि परीक्षकाने केवळ पाहत राहावे. रात्री जमिनीवर निजला होता काय, हे विद्यार्थी विचारतो का? मान न हलविता एक मिनिट वर पाहावयास सांगून पापण्या ढळतात काय ते तो पाहतो का? एका श्वासात किती आकडे मोजता येतात हे मोजून लिहितो का, म्हणजे दहा मिनिटांनी पुन्हा मोजता येईल? उशीवरून डोके उचलावयास सांगतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, खूण सापडली नाही म्हणून तो थांबतो का? जो थांबेल तो अनुत्तीर्ण. घोणस व फुरसे यांच्यासाठी दुसरी चाचणी आहे. दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि मग नळी कलती करून गोठले की नाही ते पाहावयाचे. नळी काचेचीच हवी, साबणाने धुतलेली नको, आणि मध्ये कुतूहलाने हलवून पाहावयाचे नाही. एवढे साधे काम, परंतु आमच्यापैकी दोघांच्याच दवाखान्यांत अशी नळी होती, हे त्या बैठकीत उघड झाले. निष्पत्ती विद्यार्थ्यांसाठी लिहावयास बसलो आणि परीक्षा आमचीच झाली.

तिसरी पायरी अध्यापनाची. दहा व्याख्यानांऐवजी काय हवे याचा विचार केला तेव्हा फार थोडे निघाले. एक दुपार वरीलप्रमाणे रुग्णाभिनयासाठी. एक तास पुतळ्यावर श्वासपिशवीचा सराव. एक फेरी प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रतिविषाच्या कुप्या कोठे ठेवतात, आरंभी आठ ते दहा कुप्या का देतात हे पाहण्यासाठी, आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत बसून काय असते व काय नसते ते पाहण्यासाठी. या रुग्णवाहिकांवर आपलेच पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात, तेव्हा शिकवावयास माणूस शोधावा लागणार नाही. आणि एक पूर्ण तास संहितेसाठी.

हा संहितेचा तास आम्ही हट्टाने ठेवला. चोवीस उपक्रमांत अरिष्टाबंधन आहे, उत्कर्तन आहे, चूषण आहे. आजची मार्गदर्शक तत्त्वे या तिन्हींना मनाई करतात. विद्यार्थ्यास एका तासिकेत एक आणि दुसऱ्या तासिकेत त्याच्या विरुद्ध सांगून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा आहे. प्रतिविष नसलेल्या काळी विषाचा प्रसार रोखण्यासाठी बंध हाच उपाय का योग्य वाटला, आज आवळलेल्या दोरीने अवयव कसा गमावतो, आणि बंध सोडताच श्वास एकाएकी कसा बंद पडू शकतो, हे एकाच आसनावर बसून एकाच शिक्षकाने सांगावे. ग्रंथाचा अनादर त्यात नाही. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शास्त्र कसे पारखून घ्यावे, आचार्य कसा पारखावा, अध्ययन आणि तद्विद्यसंभाषा कशी करावी हे विस्ताराने सांगितले आहे. परीक्षून स्वीकारणे ही आपलीच रीत आहे.

करून दाखविणे ही तर सुश्रुताची रीत. सूत्रस्थानाचा नववा अध्याय हा योग्येचा, म्हणजे हस्तकौशल्याच्या सरावाचा अध्याय आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर. भेदनाचा सराव पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर. लेखन केसाळ कातड्यावर. सीवन जाड-बारीक वस्त्रांच्या काठांवर. बंधन पुतळ्याच्या अवयवांवर. कोणते कर्म यावयाचे ते आधी ठरले आहे आणि त्यावरून सरावाची वस्तू निवडली आहे. टायलर यांचे चार प्रश्न येथे वेगळ्या वेशात भेटतात असे म्हणावयाचा मोह होतो, तो आवरून एवढेच म्हणतो की पुतळ्यावर श्वासपिशवी दाबणारा विद्यार्थी सुश्रुताच्या वर्गात परका ठरला नसता. भोपळ्यावरील छेदनाचे वर्णन पाठ करून लिहिणारा मात्र ठरला असता.

सर्पदंशावर आम्ही इतके का रेंगाळलो असे कोणी विचारील. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशास उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. पाड्याजवळचा पहिला दवाखाना पुष्कळदा आपल्या पदवीधराचा असतो. महाडसारख्या ठिकाणी बसून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला, तोही पुस्तकापासून सुरुवात करून नव्हे, तर समोर दगावणाऱ्या रुग्णापासून.

रानातील द्रव्यगुण

दुसरी वही द्रव्यगुणाची. यात एक लाजिरवाणी नोंद आहे. वनौषधींच्या ओळखीसाठी आलेल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन आमच्यापैकी एक जण माहुलीच्या पायथ्याशी गेला होता. वाळलेल्या नमुन्यांवरून नाव, कुल, रस, वीर्य, विपाक सर्व काही तोंडपाठ. परंतु पानगळ झालेल्या रानात, केवळ खोडावरून, ती मुले गुळवेल ओळखू शकली नाहीत. वाट दाखवावयास आलेला कातकरी मुलगा हसत राहिला.

आणि गुळवेल ही या तालुक्यात साधीसुधी वेल नव्हे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरविली, ही वार्ता २०२१ मध्ये देशभर गाजली. त्याच सुमारास गुळवेलीने यकृतास अपाय होतो काय, हा वादही देशात पेटला. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच गुडूची औषधात वापरावी, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नव्हे, असे स्पष्टीकरण दिले. क्रिस्पाचे खोड करडे, त्यावर बारीक गाठी, त्यांतून दुधासारखा स्राव. गुडूचीचे खोड हिरवट, गाठी नाहीत, दूध नाही. हा फरक बोटांनी कळतो. म्हणून आमच्या निष्पत्तीत 'गुडूचीचे गुणकर्म सांगेल' याच्या आधी 'तीन ऋतूंत, पाने असोत वा नसोत, गुडूची तिच्या सदृश वेलींपासून वेगळी ओळखेल' हे वाक्य आले. परीक्षा रानात. परीक्षक म्हणून कातकरी समाजातील जाणत्या माणसास मानधन देऊन बोलवावे, असे एका सहकाऱ्याने सुचविले. विद्यापीठ हे कितपत मान्य करील याविषयी आम्हांस शंका आहे. सूचना मात्र आम्ही वगळलेली नाही.

एक आक्षेप

या सर्व खटाटोपास आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ वैद्यांनी, जे मुरबाड तालुक्यात पन्नास वर्षे चिकित्सा करीत आहेत, ठाम विरोध केला. त्यांचे म्हणणे आम्ही येथे शक्य तितक्या निष्ठेने देतो. ते म्हणाले, "तुम्ही वैद्य घडवायला निघालात आणि कंपाउंडर घडवून बसाल. मी पहिल्या वर्षी निदानस्थान वाचलं तेव्हा मला काही कळलं नाही. वीस वर्षांनी धसईच्या एका म्हाताऱ्याच्या नाडीवर बोट ठेवलं आणि त्यातला एक शब्द उघडला. तुमच्या तक्त्यात वीस वर्षांनी येणाऱ्या निष्पत्तीचा रकाना कुठे आहे?"

रकाना नाही. हे आम्ही तेथेच मान्य केले. जे मोजता येते तेच शिकविले जाईल ही भीती खरी आहे, आणि ती केवळ आपल्या शास्त्रापुरती नाही. परदेशातही या पद्धतीवर हीच टीका वर्षानुवर्षे होत आली आहे. प्रकृतीची पारख, रुग्णाशी बोलण्याची धाटणी, नाडीवरील बोटाचा स्थिरपणा हे पाच मिनिटांच्या परीक्षेत सापडत नाही. म्हणून संहिता वाचनाचे काही तास असे असावेत की ज्यांवर कोणतीही चाचणी नसेल, केवळ गुरूसमवेत वाचन असेल, असे आमचे मत झाले. नव्या अभ्यासक्रमात तिन्ही सत्रांत संहिता आहे, ही यादृष्टीने चांगली गोष्ट. तिचेही तुकडे करून गुण लावले जाणार असतील तर ती संधी जाईल.

परंतु आम्ही त्यांना एक उलट प्रश्न विचारला. "आप्पा, तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलाला शेवटी काय आलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिथे भीती वाटायला हवी तिथे त्याला भीती वाटली पाहिजे. बाकीचं तो शिकेल."

चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी साध्यासाध्यत्व जाणावे हा चरकाच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायाचा विषय. आम्ही आप्पांचे वाक्य तसेच्या तसे तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिले. त्यांनी त्यासही आक्षेप घेतला, तो भाग वेगळा.

त्या एका ओळीखाली वह्यांतील पुष्कळ नोंदी आपोआप येऊन बसल्या. सातव्या महिन्याची पांढुरकी, धाप लागलेली गर्भिणी. सांधेदुखीवर बाजारातून आणलेले 'आयुर्वेदिक' चूर्ण महिनोन्‌महिने घेऊन चेहरा सुजलेला शेतकरी, ज्याच्या पुडीत स्टेरॉइडची भेसळ असल्याचा संशय यावयास हवा आणि जी पुडी एकदम बंदही करावयाची नाही. मधुमेहाच्या गोळ्या सोडून केवळ काढा घेणारा शिक्षक. भगताकडून आलेला रुग्ण, ज्याच्यासमोर भगताची निंदा केली तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. या शेवटच्या नोंदीवरून एक निष्पत्ती वृत्तीच्या रकान्यात गेली : विद्यार्थी भगताशी बोलू शकेल. हसू नका. पाड्यावर जाऊन आलेल्यास यातील अवघडपणा कळेल.

एक अडचण मात्र कोणत्याही तक्त्याने सुटणारी नाही. ज्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा आहेत पण रुग्ण तुरळक आहेत, तेथे 'करून दाखवितो' ही पायरी कागदावरच चढली जाते. त्यासाठी आमच्यासारख्या व्यवसायींनी आपले दवाखाने विद्यार्थ्यांना मोकळे केले पाहिजेत. महिन्यातील दोन दिवस एका विद्यार्थ्यास शेजारी बसवून घ्यावे, असे आम्ही आठ जणांनी ठरविले आहे. इतर तालुक्यांतील वैद्यबंधूंनी आपापल्या वह्या ठेवून त्यांतील दहा नोंदी संपादकांकडे पाठविल्यास त्यांचा एकत्रित मसुदा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे मांडता येईल.

वहीतील एका नोंदीपुढे मात्र आम्ही आजवर निष्पत्ती लिहू शकलो नाही. दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांतील कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कार्तिकात एका आईने दीड वर्षाचे, हाडे दिसणारे मूल आणले. पंधरा दिवसांचे औषध आणि आहार सांगितला. आठव्या दिवशी कुटुंब भट्टीवर गेले. रुग्ण सहा महिने दिसणारच नाही हे गृहीत धरून चिकित्सा आखणे, हे कोणत्या विषयात शिकवावयाचे? कौमारभृत्य की स्वस्थवृत्त? परीक्षा कशी घ्यावयाची?

आमच्या त्या तरुण सहकाऱ्याने एक युक्ती काढली. त्याने चित्रे काढलेले एक कार्ड तयार केले, भट्टीजवळचे आरोग्य केंद्र शोधून तेथे दूरध्वनी केला, मुलाचे वजन त्यावर लिहिले आणि कार्ड गावातील नातेवाइकांकरवी आईकडे पोहोचविले. माघात तो वजनकाटा घेऊन स्वतः भट्टीवर गेला. कार्ड झोपडीत पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेले होते. मूल दुसऱ्या भट्टीवर, मामाकडे होते.